वानगीदाखल सारिका ढोबळे

दिल्लीत सारिका ढोबळेला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती चांगल्या गप्पांची.

वाईट गप्पांचं काही नव्हतं. कँटीनमधली भाजी पाणचट आहे, खोलीतला गिझर नावालाच आहे, अमकीची साडी कितीला पडली असेल, असल्या विषयांत ती तासन्‌तास रमायची आणि मनगटावरच्या कड्यातला बारकासा ठिपका खुशाल हिरवा राहायचा. पण टेबलावर कुणी काही नवीन काढलं आणि ऐकता ऐकता तिच्या मनात 'अगंबाई, हे असं आहे होय' असं आलं, की घास तोंडात तसाच ठेवून ती आधी ठिपका बघायची. हिरवा असला तर घास गिळायची. त्यात पिवळी झाक दिसली की ताट उचलून दुसरं टेबल गाठायची.

त्या दुपारी समोर पेमा बसली होती. दार्जिलिंगकडच्या चहामळ्यातली, सारिकाच्याच वयाची आणि तिच्यासारखंच मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. दोघींची पहिल्या दिवसापासून गट्टी जमली होती. पेमा म्हणाली, "आमच्या लोकांना रोज विचारतात, आधी रस्ता पाहिजे की आधी दवाखाना. लोक बिचारे एकाचं बटण दाबतात. दोन्ही का नाही, असं कुणी विचारतच नाही. परवा मी कार्यालयात जाऊन म्हटलं, अहो, हे प्रश्न काढतं तरी कोण?"

"मग?" सारिकाच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय, माझ्याकडे बघतच राहिले." पेमा हसली आणि तिने मनगट पुढे केलं. तिचा ठिपका लालभडक होता.

सारिका ताट घेऊन उठली. थोड्याच दिवसांत पेमाच्या खुर्चीवर दुसरी बाई आली, तीही चहामळ्यातली, ठिपका हिरवागार. आपण त्या दिवशी उठून गेलो याची सारिकाला फार लाज वाटली. ती लाजही तिने मनातच ठेवली, कारण लाज वाटल्याने ठिपका हलतो की काय, याची तिला खात्री नव्हती.

*

शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात एक हमखास प्रश्न असे: संसद कशाची बनलेली असते? पोरं 'लोकसभा आणि राज्यसभा' लिहून मोकळी होत आणि गुण घालवून बसत. कारण राज्यघटनेच्या एकोणऐंशीव्या कलमात राष्ट्रपती पहिले येतात. राष्ट्रपती आणि दोन सभागृहं मिळून संसद. लोकसभेत लोकांनी थेट निवडून दिलेले, राज्यसभेत राज्यांच्या विधानसभांनी निवडून पाठवलेले, आणि शिवाय साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांतले बारा जाणते राष्ट्रपतींनी नेमलेले. थोडक्यात, संसदेत शिरायला घटनेने दोनच दारं ठेवली होती. निवडून या, नाहीतर नेमले जा.

सारिकाची पोरं मोठी होईपर्यंत त्या कलमातला एक शब्द बदलला. 'दोन'च्या जागी 'तीन' आलं, आणि तिसऱ्या सभागृहात लोक मोजून घ्यायचे ठरले.

यामागचं गणित डॉ. मुग्धा सबनीस यांचं. संख्याशास्त्रातली मोठी बाई, पण समजावून सांगायची हौस दांडगी. नकाशावर गाव शोधायला दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. माणसाचं मन नकाशावर मांडायचं तर दोन पुरत नाहीत, दोनेकशे लागतात, एवढंच त्यांचं म्हणणं. भीती कशाची वाटते, राग कशाचा येतो, पैसा कुठे खर्चावा, परक्याला दारात घ्यावं की नाही, अशा दोनेकशे मापांनी प्रत्येक माणसाचा एक बिंदू ठरतो. मतदारसंघातल्या सगळ्यांचे बिंदू मांडले की त्यांचा एक पुंजका दिसतो. पुंजक्याला मध्य असतो. त्या मध्याच्या सगळ्यात जवळचा जो माणूस, तो त्या मतदारसंघाचा खराखुरा नमुना. त्याला भाषण यावं लागत नाही, पक्ष लागत नाही, पैसा तर अजिबात लागत नाही. तो फक्त आपल्या लोकांसारखा असला की झालं.

बिंदू ठरवायला प्रत्येक मतदारसंघातल्या काही हजार घरांना कडं दिलेलं असे. रोज संध्याकाळी फोनवर तीन प्रश्न येत, प्रत्येकाखाली तीन बटणं: हो, नाही, सांगता येत नाही. बोट बटण दाबी आणि कडं त्याच वेळी नाडी नि घाम मोजून घेई, म्हणजे तोंडदेखलं उत्तर लगेच उघडं पडे. लोक मनापासून काय म्हणतात, ते इतक्या चोखपणे याआधी कुणी मोजलं नव्हतं. कल्पना देखणी होती, हे कबूल करायलाच हवं.

पण देखण्या कल्पनेला एक अट चिकटली होती. सभागृहात आलेला माणूस आपल्या लोकांसारखा राहिला पाहिजे. त्याचा बिंदू मध्यापासून जितका लांब जाईल तितकं त्याचं 'विचलन'. ठिपका हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल होऊन लालच राहिला की जागा रिकामी, आणि मध्याच्या जवळचा पुढचा माणूस हजर.

सरकारी कागदात या सभागृहाचं नाव 'प्रतिरूप सभा'. देवणखेडच्या आडत बाजारात त्याला पहिल्याच दिवशी 'वानगी' नाव पडलं. तिथे तुरीचं पोतं विकायला आलं की व्यापारी त्यात हात खुपसतो, मूठभर दाणे तळव्यावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून बघतो, भाव बोलतो आणि मूठ परत पोत्यात टाकतो. ती मूठ म्हणजे वानगी. सारिकाचा नवरा व्यंकट याच बाजारात एका आडत दुकानावर होता. त्यामुळे बायको वानगीत गेली म्हटल्यावर त्याला चिडवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

*

देवणखेड लातूरकडचं तालुक्याचं गाव. सारिका तिथे पिको-फॉलचं दुकान चालवायची. तिची निवड झाल्याचं कळलं तेव्हा गावाला हसू आवरेना. सगळा मतदारसंघ धुंडाळला आणि यंत्राला बरोबर ढोबळेच सापडली! "आडनाव बघूनच घेतलं जणू," असं लोक तिच्यासमोर म्हणत आणि ती सगळ्यांच्या आधी हसे.

हसली नाही फक्त तिची थोरली जाऊ वैजयंता. दोघींची घरं एका भिंतीने जोडलेली, पाण्याची टाकी एकच. लग्न होऊन आल्यापासून सारिका तिला अक्का म्हणायची आणि दळणापासून दुखण्यापर्यंत सगळं तिला विचारून करायची. वैजयंता म्हणाली, "म्या काय लई शानी हाय का? मीबी तितकीच साधी. मग हिलाच का नेलं?" यात अपमान नक्की कुणाचा झाला, ते कुणाला कळलं नाही. पण अक्का दुखावली होती. शिवाय त्याच सुमारास तिची मुलगी पल्लवी कॉलेज सोडून घरी बसली होती. कॉलेज सुटल्यावर तालुक्याला परतणारी साडेपाचची बस बंद झाली. त्यानंतरची बस रात्रीची, मुलींनी येण्यासारखी नव्हती. गावोगावच्या कितीतरी मुली अशा घरी बसल्या. त्यावर कुणी ओरडलंही नाही. बस गेली, मुली राहिल्या, घरोघर जरा हळहळ झाली आणि विषय संपला.

सारिका दिल्लीत आली आणि तिला एक गोष्ट विचित्र वाटली. वानगीतही इतर दोन सभागृहांसारखा प्रश्नोत्तराचा तास होता. कुठल्याही सदस्याने उठावं, मंत्र्याला वाटेल ते विचारावं, मंत्र्याने उत्तर द्यावं. पण तो तास रिकामा जायचा. उठायचं म्हणजे विषय वाचायचा, वाचायचं म्हणजे कळायचं, आणि कळायचं म्हणजे ठिपका. सगळे जण मनगटं मांडीवर पालथी ठेवून गप्प बसत.

अशात विधेयक आलं. घटनेत पुन्हा एक दुरुस्ती. तिसरं सभागृह 'सदस्यांचे' बनलेले असेल, त्याऐवजी 'लोकमताच्या प्रमाणित मापनाचे' बनलेले असेल. म्हणजे खुर्च्याच नकोत. कायदा आला की काही हजार घरांना प्रश्न जाईल, बटणं दाबली जातील आणि जे उत्तर येईल ते सभागृहाचं मत. यावर नाही म्हणावं असं काही दिसत नव्हतं. माणसं बिघडतात, त्यांना बदलावं लागतं, वर त्यांचे भत्ते. लोकांचं मन थेट मोजता येतं तर मध्ये हा गोतावळा कशाला? देवणखेडचं मत तर ठरलेलंच होतं. दिल्लीला येण्याआधी सारिका स्वतःच दुकानात बसून म्हणायची, "नुसतं बसून खायलेत तिकडं." त्यामुळे तिचं मत 'हो', हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनेही.

विधेयक समजावून द्यायला डॉ. सबनीस समितीसमोर आल्या. त्यांनी आलेख दाखवले. सारिकाला ते बऱ्यापैकी कळले आणि म्हणून तिने नजर खाली घातली. पण मनात पेमा येऊन बसली होती, ती काही उठेना. शेवटी सारिकाने मराठीतच विचारलं, "मॅडम, रोजचे प्रश्न काढतं कोण?"

खोलीतली मनगटं हलली. सबनीस मात्र खूश झाल्यासारख्या दिसल्या. "चांगला प्रश्न आहे. वेगवेगळी खाती विषय पाठवतात, आमचं तज्ज्ञांचं मंडळ त्यातून निवडतं."

"आमच्याकडं बस बंद झाली. पोरी घरी बसल्या. बस का बंद झाली, हा प्रश्न कधी आला नाही बघा. भाडं वाढवावं का, हा आला होता."

"तो विषय कुणी पाठवला नसेल."

"ज्यांनी बंद केली त्यांनीच पाठवायचा ना?"

सबनीसांनी समोरचे आलेख मागेपुढे करून पाहिले. "तुमच्या भागातल्या बसबद्दल मापनात काहीच माहिती नाही."

"म्हणजे आमच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही?"

"वाटतं की नाही, ते मोजलेलं नाही."

"तेच की," सारिका म्हणाली, आणि मग तिला मनगटाकडे बघायचं धाडस होईना. सबनीसांनी आधी पाहिलं. ठिपका पिवळा होता, कडेने लालसर.

बैठक संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं. त्या वाईट बाई नव्हत्या. "मतदानाला अजून अवधी आहे. तुम्ही रजा घ्या आणि गावी जाऊन या," त्या म्हणाल्या. नियमात तिला 'समरूपता रजा' म्हणत, सदस्य आपसात 'मुरायला जाणं' म्हणत. आपल्या माणसांत जायचं, त्यांचं खायचं, त्यांच्यासारखं बोलायचं, की ठिपका हिरवा होतो. "तुमच्याकडे येळवस आली असेल ना? छान. फक्त एक लक्षात ठेवा. तिथे स्वतःहून कुणाला काही सांगायचं नाही. नियम कडक आहे. वानगीने पोतं ढवळायचं नसतं."

गाडीत बसल्यावर सारिकाने बेत केला. गुमान मुरायचं. ठिपका हिरवा करून परत यायचं. आणि मतदानाच्या दिवशी 'नाही'चं बटण दाबायचं. मत एकदा पडलं की पडलं, मग ठिपका लाल झाला तरी ते कुणी काढून घेत नाही. सभागृहातली माणसं गेली की त्यांचा प्रश्न विचारायचा तासही जाणार होता आणि मग पल्लवीच्या बसबद्दल तिच्या माणसांतलं कुणी कधीच कुणाला विचारू शकणार नव्हतं. बेत पक्का होता. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपल्याच माणसांच्या पाठीमागे त्यांच्या विरुद्ध मत द्यायचं, आणि तेही त्यांच्या पंक्तीत जेवून, हे काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

*

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूरकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ढोबळ्यांच्या तुकड्यावरही कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपट, उभी राहिली होती, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडले होते. शेंगा-भाज्यांच्या भज्जीचं पातेलं वाफाळत होतं, बाजरीचे उंडे होते, मातीच्या बिंदग्यात आंबील होतं. वाटेने जाणाऱ्या ओळखी-अनोळखी सगळ्यांना हाका मारून जेवायला बसवलं जात होतं.

सारिका मुरली. मन लावून मुरली. कुणाच्या लग्नात किती मानपान झाला ते ऐकलं, दिल्लीची थंडी कशी असते ते सांगितलं, विनोदांवर हसली. जेवणं होईपर्यंत ठिपका हिरवा झाला. कुणी काही गंभीर काढलं की ती तोंडात उंडा घाले.

वैजयंता हे सगळं बघत होती. आंबील वाढता वाढता तिने तांब्या खाली ठेवला. "बोलना गेलीस गं तू. पैलं पोटातलं ओठावर यायचं तुझ्या. आता नुसती मान हलवायलीस पाहुण्यावानी. आमच्यासारखी राहिली न्हाईस तू, सारिका."

गाव सोडून गेलेल्या कुणाला हा टोमणा चुकलेला नाही. पण सारिकाला तो वर्मी लागला. ती तोंड शिवून बसली होती ती याच लोकांसारखं राहण्यासाठी. कडं सांगत होतं की ती अगदी यांच्यासारखी आहे. आणि जिच्या शेजारी तिचा निम्मा जन्म गेला ती सांगत होती की नाही. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही.

तेवढ्यात वैजयंताच्या कमरेचा फोन वाजला. थोरल्या दिराचं घर कड्याच्या घरांपैकी होतं. दिवस कलत आला होता आणि रोजचे प्रश्न आले होते. पहिलाच प्रश्न तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला: तिसऱ्या सभागृहात सदस्यांऐवजी थेट लोकमताचे मापन असावे का?

"असावं की," व्यंकटच गमतीने म्हणाला. "बायको तरी घरी येईल."

सगळे हसले. वैजयंताचं बोट 'हो'कडे निघालं. सारिकाला इतकंच करायचं होतं, की गप्प बसायचं. मनगटावर हिरवा ठिपका होता, तिकीट काढलेलं होतं, बेत पक्का होता.

"थांबा अक्का," ती म्हणाली. "त्याच्यात इचारा बरं, पल्लवीची बस कुणी बंद केली ते."

"आँ?"

"यंत्राला समदं कळतं म्हणतेत ना. मग इचारा."

वैजयंताने फोन डोळ्यांजवळ नेला. वर सरकवलं, खाली सरकवलं. हो, नाही, सांगता येत नाही. तिने प्रश्नावर बोट दाबून धरलं, मग उगाच कोपऱ्यात दाबलं. "हितं इचारायला जागाच न्हाई गं."

"न्हाईच. ते आपल्याला इचारतं. आपण त्याला काई इचारू शकत न्हाई. मी तिथं उठून मंत्र्याला इचारू शकते. अजून इचारलं न्हाई, भ्याले मी. पर उद्या आम्हाला काढलं, तर इचारायला आपल्यातलं कुणीच उरत न्हाई."

पल्लवी खरकटी ताटं उचलत होती, ती थांबली. सारिकाच्या मनगटावर कडं तापल्यासारखं तिला वाटलं. तिने स्वतःहून सांगितलं होतं. पोतं ढवळलं होतं. आता जागा गेली, मत गेलं, सगळं गेलं, हे तिला स्वच्छ कळत होतं.

वैजयंताने फोनकडे पुन्हा एकदा रागाने बघितलं आणि 'सांगता येत नाही' दाबलं. मग शेजारच्या तुकड्यावर जाऊन तिथल्या बायकांना म्हणाली, "ए, तुमच्या फोनमधी बसचं इचारायला जागा हाय का गं? बघा बरं."

*

येळवशीला सगळा तालुका शेतात असतो आणि प्रत्येक कोपीत पाहुणे असतात. 'इचारायला जागा हाय का' ही थट्टा त्या पाहुण्यांबरोबर गावोगाव गेली. कुणी बसचं विचारायला बघितलं, कुणी विजेची डीपी जळाल्याचं, कुणी शाळेला मास्तर नसल्याचं. जागा कुणालाच सापडली नाही.

सारिका दिल्लीत पोचली तेव्हा डॉ. सबनीस तिच्या खोलीबाहेरच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"तुमचा ठिपका बघितलात?"

सारिकाने बघितला नव्हता. तिने भीत भीत मनगट वळवलं. हिरवागार.

"मला आधी वाटलं कडं बिघडलंय," सबनीस म्हणाल्या. "तुमचा बिंदू त्या बैठकीत होता तिथेच पुन्हा गेलाय. मध्य सरकलाय. तुमच्या मतदारसंघात लोक एका प्रश्नाला 'सांगता येत नाही' म्हणायला लागलेत, आणि खोटं नाही, नाडी सांगते की ते संतापलेत. मी आयुष्यभर सदस्य किती हलतो तेवढंच मोजलं. लोक त्याच्याकडे सरकतील, हे मी मांडलंच नव्हतं." त्या खिडकीशी जाऊन परत आल्या. "सारिकाताई, येळवशीला कुणी तुम्हाला या विधेयकाबद्दल विचारलं होतं का? कुणी विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं, तर नियमात ते चालतं."

त्या हे का विचारत होत्या, ते सारिकाला कळलं. एक 'हो' पुरे होता.

"नाही," ती म्हणाली. "मीच स्वतःहून सांगितलं."

"मग मला ते लिहावं लागेल."

"लिहा. पण बसचंही लिहा."

सबनीसांनी दोन्ही लिहिलं. सदस्याने नियम मोडला, असं लिहिलं, आणि नियम चुकीची गोष्ट मोजतो आहे, असंही लिहिलं. पहिल्या वाक्यावर लगेच कारवाई झाली. दुसरं विचाराधीन राहिलं. मतदानाच्या तोंडावर सारिकाचं सदस्यत्व गेलं आणि यंत्राने नव्या मध्याच्या सगळ्यात जवळचा माणूस शोधायला घेतला.

सारिका गावी उतरली तेव्हा स्टँडवर व्यंकट उभा होता. त्याला हसावं की तोंड पाडावं ते कळत नव्हतं. "घरी चल," तो म्हणाला. "वहिनीला बॅग पाहिजे तुझी. तिचं नाव निघालंय."

खरं सांगायचं तर सारिकाला पहिल्यांदा मत्सरच वाटला. आपण सगळं गमावलं आणि अक्काने आयतं पटकावलं, असं क्षणभर वाटून गेलं. मग तिने बॅगेतल्या आपल्या साड्या बाहेर काढल्या, वैजयंताच्या आत ठेवल्या आणि गिझरचं काही खरं नाही म्हणून वर एक शाल ठेवली.

*

मतदानाच्या दिवशी आडत दुकानात हमाल, व्यापारी आणि सारिका असे सगळे एका फोनभोवती सभागृहाचं कामकाज बघत बसले होते. प्रश्नोत्तराचा तास पुकारला गेला. नेहमीप्रमाणे सगळी मनगटं मांडीवर पालथी पडली. आणि मागच्या रांगेत वैजयंता ढोबळे पदर खोचून उठली.

"आमच्याकडली साडेपाचची बस कुनी बंद केली?"

सभापती गोंधळले. "माननीय सदस्या, हा विषय इथला नाही. थोड्या वेळाने विधेयक येणार आहे. बोलायचं तर त्यावर बोला."

"त्येच्यावरच बोलायले. माणसं काढा अन् यंत्र बसवा म्हनताव. म्या त्या यंत्राला बसचं इचारून बघितलं. त्येच्यात इचारायला जागाच न्हाई. मग उद्या आमी कुनाला इचारायचं? माजी पोरगी घरी बसली हाय. कुनी बंद केली बस, सांगा."

मंत्र्यांनी माहिती घेऊन कळवतो, असं उत्तर दिलं. वैजयंता म्हणाली, "घ्या माहिती. म्या हितंच हाय." आणि खरोखर उभीच राहिली. मग चहामळ्यातली नवी बाई उठली आणि तिने विचारलं, रस्ता आणि दवाखाना दोन्ही का नाही. मग आणखी एक जण उठला.

विधेयकाला दोनतृतीयांश मतं मिळाली नाहीत. थोडीच कमी पडली. पुढच्या अधिवेशनात ते पुन्हा आणू, असं त्याच दिवशी जाहीरही झालं. बसची माहिती घेणं अजून चालू होतं. बाजारात पेढे वाटावेत असं कुणी म्हटलं, पण सारिकाने नको म्हटलं. तिला अजून स्वस्थ वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती दुकानात फॉल लावत बसली होती, पल्लवी पलीकडे पिकोच्या मशीनवर होती, आणि फोन वाजला. अक्का होती. मागे ताटवाट्यांचा आवाज येत होता आणि अक्काचा आवाज दबका होता.

"सारिका, हितं एक बाई हाय गं, जेवायला समोर बसती. तिच्याकडची नदी कशी गेली ते सांगायली. लई खरं बोलती. अन् ऐकता ऐकता ह्यो ठिपका पिवळा व्हायलाय. आता काय करू? ताट घेऊन उठू का?"

सारिकाच्या डोळ्यांसमोर पेमाचं पुढे केलेलं मनगट आलं.

"उठू नका अक्का. बसा तिथंच."

"अगं पर म्या तुला कायबी सांगायचं न्हाई. नेम हाय तसा."

"तुम्ही आपणहून सांगू नका," सारिका म्हणाली. तिने मशीन बंद करायला पल्लवीला खूण केली, फॉलला आलेल्या दोघींना जवळ बोलावलं आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून सगळ्यांच्या मध्ये ठेवला. "मीच इचारते. काय म्हणली ती बाई?"